गुलाबी खोलीतले वानखडे भाऊ

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते. तो सांगितल्याशिवाय वानखडे भाऊ तुम्हाला नीट दिसायचे नाहीत. नात दवाखान्यातून घरी यायची होती, म्हणून मी तिच्यासाठी खोली रंगवून घेतली. ऑइलपेंट. गुलाबी. तोही ती यायच्या दोन-तीन दिवस आधी. आणि त्या रंगाच्या वासापायी माझी नात माझ्याच घरात येऊ शकली नाही.

आता ऐकणारे विचारतात, "अहो आजी, एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?" कसं कळणार? तेव्हा मी नुकती साठीला टेकले होते, म्हणजे तरुण होते, आणि मला सगळं कळत होतं. ज्या बाईला सगळं कळतं तिला काही सांगायची कोणाची छाती होत नाही. आमच्या ह्यांची तर नव्हतीच. पेंटर म्हणाला, "बाई, वास राहील दोन-चार दिवस." मी म्हटलं, "तू रंग दे. वासाचं मी पाहून घेते."

तर वानखडे भाऊ. अमरावतीत आमच्या शेजारचं घर त्यांचं. मध्ये एक अरुंद बोळ. माणसाला तिरपं होऊन जावं लागे; धूर मात्र सरळ जाई. आमचं पंचवीस वर्षांचं भांडण त्या धुराचंच.

भाऊ एस. टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाले, खाकी कपडे पेटीत गेले, पण कंडक्टर काही उतरला नाही. कोणाच्याही घरून निघताना फाटकावर दोनदा टकटक करत. टण टण. म्हणजे चला, निघाली गाडी. लग्नात पंगतीच्या दारात गर्दी झाली की यजमानांच्या आधी भाऊंचा आवाज यायचा, "मागून पुढं सरका, मधात जागा हाय!" माणसांची नावं त्यांना राहत नसत, थांबे राहत. माझं माहेर अकोल्याचं. त्यामुळे मी सगळ्या गल्लीची वहिनी असले, तरी त्यांच्या हिशेबी "अकोलावाल्या वयनी" होते. दूधवाला अचलपूरचा, तो "अचलपूर". "अचलपूर आज आला नाही काय?" असं ते सकाळी विचारत, तेव्हा नवख्या माणसाला वाटे, गावच कुठं निघून गेलं.

बरीच वर्षं ते परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात चालणाऱ्या गाडीवर होते. वळणावळणाला कोणाला तरी मळमळणार, म्हणून खिशात कायम लिंबू. निवृत्तीनंतरही ते खिशात राहिलं. डोकं दुखो, पोट दुखो, पोरगा परीक्षेत नापास होवो, भाऊ लिंबू काढून हातावर ठेवायचे. "हुंगा." त्या लिंबानं कोणाचं काही बरं झालेलं मी पाहिलं नाही. पण परत केलेलंही पाहिलं नाही.

भांडण असं. मी अंगणात पाण्याचा बंब पेटवायची. पाला जाळायची. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकायची. की पाचव्या मिनिटाला भाऊ बोळाच्या तोंडाशी. नाकाला दुपट्टा.

"वयनी, कावून धूर करून राहिल्या?"

"आंघोळीले पाणी तापवून राहिले. तुम्ही थंड्यानं करता काय?"

"पाला तरी जायू नका ना जी."

"मंग खाऊ काय त्याले?"

त्यांच्या बायकोला, शांतावहिनींना, दमा होता. मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं निराळं. मला वाटायचं, माणूस नाकानं नाजूक आहे आणि बायकोचं निमित्त सांगतो. गल्लीतल्या बायकांत मी त्यांचं नाव 'नाकेदार' पाडलं होतं. एकदा त्यांनी होळी गल्लीतून उचलून कोपऱ्यावरच्या मैदानात नेली. मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी बोलले, कारण बंबासाठी लाकडं फोडून द्यायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी फोडूनही दिली. आणि म्हणाले, "वाळली हायत. धूर कमी होईन." मी पुढच्या वेळी मुद्दाम ओली लावली. अशी मी तरुण होते.

शांतावहिनी गेल्या. तेरवीला मी त्यांच्या घरी गेले. फोटोला हार होता, पुढं शेवंतीचं एक फूल होतं, पण उदबत्ती नव्हती. पुरुषाच्या हातचं घर, राहिलं असेल, म्हणून मी आपली पिशवीतून उदबत्ती काढली आणि काडी ओढली. भाऊंनी माझ्या हातातून ती हळूच घेतली, फुंकली आणि म्हणाले, "तिले चालत नाही, वयनी."

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "भाऊचं डोकं फिरलं." हे काही बोलले नाहीत. हे कधीच काही बोलत नाहीत, म्हणून आमचा संसार टिकला.

त्यानंतर भाऊ धुरावरून भांडायला कधी आले नाहीत, पण रोज सकाळी वहिनींची खोली ओल्या फडक्यानं पुसत. झाडू नाही, झाडूनं धूळ उडते. पडदे नाहीत. गादीवर रेक्झिनची खोळ, कापसाचा कण बाहेर येऊ नये म्हणून. बोळातल्या बंद खिडकीच्या काचेतून मला सगळं दिसे. जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या बाईसाठी हा माणूस रोज खाटेखाली वाकून फरशी पुसतो, हे मी हसून हसून सांगायची. बायका हसायच्या. आता सांगताना कोणी हसत नाही. मी तर नाहीच.

मग आमची पल्लवी पहिल्या बाळंतपणाला आली. सासर अकोल्याचं, जावई निखिल. सातव्या महिन्यात तिला घेऊन आलो आणि आठवा धड लागला नाही तोच दुखायला लागलं. मुलगी झाली. मुलगी कसली, तळहातावरचं पाखरू. मी काचेतून पाहिलं. नळ्या, पट्ट्या, आणि मध्ये एक टोपी, आणि त्या टोपीत कुठंतरी आमची रेवा.

त्यानंतरचे आठवडे पल्लवी-निखिलनं जसे काढले तसे मला काढता आले नसते. पल्लवी दूध काढून वाटीत न्यायची आणि लेकरू चमच्यानं थेंब थेंब घ्यायचं. पुढं सिस्टरनी दोघांना शिकवलं, बाळाला उघड्या छातीशी धरून वरून कापड बांधायचं. माणसाच्या अंगाची ऊब त्या काचेच्या पेटीपेक्षा खरी. जावई शर्ट काढून खुर्चीत बसलेत आणि छातीवर बेडकुळीएवढी मुलगी झोपली आहे, हे पाहून मी लाजून बाहेर आले. मग परत आत डोकावले. मग पुन्हा लाजले.

सिस्टर म्हणाली, घरी न्यायच्या आधी गुंडाळणं, टोपी घालणं, कूस बदलणं, सगळं हाताला बसलं पाहिजे. निखिल अकोल्यात बापाच्या पिठाच्या गिरणीत वाढलेला. पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेई, पण दीड-दोन किलोची मुलगी हातात घेताना त्याला घाम फुटे. तो आमच्या ओसरीवर बसून उशीला लंगोट बांधायचा. भाऊंनी बोळातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना एक दुधीभोपळा घेऊन थेट आमच्या ओसरीवर.

"जावईबापू, उशी धरून काय फायदा? उशी सुटत नाही. हा धरा. याले पाडान तं फुटन."

चार दुधी हातात तोलून त्यांनी तो आणला होता. "लेकरापेक्षा उलसा जड हाय. पण घरी येईवरी थे वाढन ना."

निखिल रोज त्या दुधीला आंगडं-टोपडं घालायचा, छातीशी बांधायचा, घरभर फिरायचा. भाऊ बाहेरून सूचना करायचे, "मानेखाली हात! वळणावर सांभाळा!" पुढं दुधी निबर व्हायला लागला, तेव्हा मी भाजी करू म्हटलं. पल्लवीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी सुरी ठेवून दिली. तो दुधी शेवटी भाऊंनीच नेला. त्याचं काय केलं, ते आम्ही विचारलं नाही.

आणि घरी न्यायचा दिवस ठरला. दिवाळी होऊन गेली होती, थंडी लागली होती. पल्लवीनं पिशवी आधीच भरून ठेवली होती. इवल्या टोप्या, मोजे, धुऊन इस्त्री केलेली लुगड्याची फडकी. ती पिशवी ती रोज उघडायची, रोज पुन्हा भरायची. एकदा तारीख ठरून मोडली होती. बाळाचा श्वास मध्येच थबकला म्हणून. त्या दिवशी ती रडली नाही, जेवलीही नाही. म्हणून या खेपेला मी ठरवलं होतं, आपल्याकडून काही कमी पडू द्यायचं नाही.

आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, "घरी काय तयारी?"

मी सरसावून बसले. "खोलीला नवा रंग दिला. गुलाबी. शेगडी काढून ठेवली, गोवऱ्या मागवल्या. ओवा, वावडिंग, लसणाची सालं, धुरीचं सगळं तयार."

बाईंनी पेन खाली ठेवलं. तशी पोरगीच होती, आमच्या पल्लवीएवढी. म्हणाली, "आजी, तिची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. रंग नको. शेगडी नको. धुरी नको."

"मग राहिलं काय?" मी विचारलं.

"आई-बाबा राहिले ना."

मग पल्लवीकडं वळून ती म्हणाली, रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय त्या घरात न्यायचं नाही. थंडीत खिडक्या उघड्या टाकून बाळाला तिथं ठेवताही येणार नाही. दुसरं घर असेल तर पाहा, नाहीतर तीन आठवडे थांबू. अकोल्याचं घर गिरणीच्या माथ्यावर. तिथं भिंतीसुद्धा पिठाच्या. ते निखिलनंच बाद केलं. पल्लवीनं पिशवी उघडली, वरची टोपी हातात घेतली, घडी मोडली, पुन्हा घातली, आणि पिशवी खुर्चीखाली सरकवून दिली.

मी घरी आले. सगळी दारं-खिडक्या उघडली, पंखे सोडले, कांदे कापून पाण्यात ठेवले. आता रंगाचाही वास आणि कांद्याचाही. दिवेलागणीला मी ओसरीच्या पायरीवर बसले होते. बोळाच्या तोंडाशी भाऊ.

"वयनी, थंडीत दारं सताड? आज काय पेटोलं?"

मला भांडायचंही त्राण नव्हतं. सगळं सांगितलं. रडत सांगितलं. भाऊ उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पोट्टीचं नाक केवढं असन?"

मी करंगळीचं नख दाखवलं.

ते वळले आणि गेले. फाटकावर टण टण केलं नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

थोड्या वेळानं परत आले. हातात किल्ली.

"तिची खोली हाय," म्हणाले.

"कोणाची?" मी मूर्खासारखं विचारलं.

"तिची. आताच पुसली पुन्हा. त्या खोलीत इतक्या वर्षांत काडी ओढली नाही कोनी. सैपाक गॅसवर, थोही मागच्या खोलीत, आता थोही बंद. लेकराले तिथं न्या."

"आणि तुम्ही?"

"तुमच्या इथं. गुलाबी खोलीत."

"अहो, त्या वासात तुम्ही कसे राहाल? तुमचं नाक..."

"माह्या नाकाले काय होते? डिझेलनं मेलं थे कवाच. मले कायचाच वास येत नाही, वयनी."

ज्या नाकानं पंचवीस वर्षं माझा बंब, माझा पाला, माझ्या मिरच्या पकडल्या, ते नाक मेलेलं होतं? "मग आमचा धूर तुम्हाले कसा कळे?"

"ती खोकली का मी निंगो," भाऊ म्हणाले. "थे नाक माह्यं नव्हतं. तिचं होतं."

त्या बोळातून मी किती ओली लाकडं त्या बाईच्या छातीत पाठवली, याचा हिशेब मी मांडत नाही. मांडायला बसले तर उठता येणार नाही.

निखिलनं खोली पाहिली, तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोनवर एकेक गोष्ट सांगितली. पडदे नाहीत. गादीला खोळ. ओलं पुसणं. "हे कोणी शिकवलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. निखिलनं भाऊंकडं पाहिलं. भाऊ खिडकीचे गज पुसत होते. निखिल म्हणाला, "आमच्या शेजारच्या काकू."

दुसऱ्या दिवशी रेवा घरी आली. म्हणजे भाऊंच्या घरी. भाऊंनी फाटकाशी बादली, साबण आणि स्वच्छ पंचा ठेवला होता आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. गल्लीतल्या बायका जमल्या. भाऊंचा आवाज, पण खालच्या पट्टीत, "आज उभ्यानंही जागा नाही. गाडी फुल्ल हाय. महिन्याभरानं या." परत पाठवलेल्या प्रत्येकीच्या हातावर एक लिंबू.

अडलं ते विहीणबाईंशी. त्या सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून औक्षणाचं ताट सजवून आल्या होत्या. निरांजन, कापूर, सगळं. भाऊ फाटकात आडवे.

"आत दिवा नाही, बाई."

"काहून नाही? माही नात पह्यल्यांदा घरात पाय टाकून राहिली. तुम्ही कोन सांगनारे?"

"मी कंडक्टर."

विहीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूनं बोलणार. सगळ्या अमरावतीत भाऊंशी भांडायला माझ्याएवढी तयारीची बाई नव्हती. मागं गाडीत पल्लवी उतरायची थांबली होती. निखिलच्या छातीशी बांधलेलं गाठोडं, आणि त्यातून दिसणारी फक्त टोपी. मी ताटातलं निरांजन उचललं, वात काढली, आणि तिच्या जागी ताटातलंच शेवंतीचं फूल ठेवलं.

"ओवाळा," मी म्हटलं. "तिले चालत नाही, विहीणबाई."

भाऊंनी एकदम मान फिरवली आणि बादलीतलं पाणी बदलायला गेले. ते स्वच्छच होतं.

विहीणबाईंनी फुलानं ओवाळलं. आधी कुरकुरत, मग डोळे पुसत. निखिल दुधी घेऊन चालायचा तसाच, मानेखाली हात देऊन, आत गेला. पल्लवी मागून पिशवी घेऊन गेली. दार लागलं, तेव्हा फाटकावर आवाज आला. टण टण.

त्यानंतर महिनाभराहून जास्त भाऊ आमच्या गुलाबी खोलीत राहिले. पेंटरनं माझ्या हुकमावरून भिंतीवर बदकंही काढली होती. त्या बदकांखाली, पाळण्याच्या शेजारी, सतरंजीवर भाऊ. सकाळी चहा द्यायला जावं तर ते पाळण्याला एका बोटानं झोका देत बसलेले. रिकाम्या.

"काय करून राहिले भाऊ?"

"गाडी चालू ठेवा लागते. नाही तं बॅटरी उतरते."

स्वतःच्या घरी ते रोज जात, पण उंबऱ्याबाहेरच उभे राहत. "काय म्हणते रेवाबाई?" एवढंच. पल्लवी म्हणे, "काका, हात धुऊन या ना आत. घ्या तिला." ते हात धुवायचे, कोपरापर्यंत, पुसायचे, आणि परत उंबऱ्यावरच. "जन्मभर तिकिटं फाडली या हातानं. फाडाचीच सवय हाय त्याइले." आमच्याकडं राहायला आले त्या दिवसापासून मी बंब पेटवला नव्हता. त्यांनी ते पाहिलं होतं. एक दिवस उरलेली लाकडं इस्त्रीवाल्याला देऊन आले. मला न विचारता.

रेवा पुढं वाढली, धडधाकट झाली. थंडी सरली, वासही गेला, आणि पल्लवी तिला घेऊन आमच्या घरात आली. तेव्हा भाऊंनी पहिल्यांदा तिला घेतलं. बोळ ओलांडण्यापुरतं. तिरपं होऊन. घामाघूम झाले. अख्खा चिखलदऱ्याचा घाट त्यांनी असा घाबरून कधी चढला नसेल. पल्लवी रेवाला घेऊन अकोल्याला गेली, त्यानंतर भाऊंनी शांतावहिनींच्या खोलीची बोळाकडली खिडकी कधी लावली नाही. आता लावायचं कारण नव्हतं; इकडून धूरच जात नव्हता.

तीन-चार वर्षांनी त्यांचे गुडघे गेले, नजर अधू झाली. पुतण्या तेल्हाऱ्याला असतो. तो न्यायला आला. आता भाऊ नाहीत. तेल्हाऱ्याच्या गाडीत बसले तेच मी त्यांना शेवटचं पाहिलं.

स्टँडवर मी होते, पल्लवी होती, रेवा होती. भाऊ खिडकीजवळ बसले होते. घराची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली होती आणि "येतो" म्हणाले होते. परत येणं व्हायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पोरगेलासा कंडक्टर चढला, तर त्यांनी त्याला "तिकिटं घाटाखालीच देऊन घे, वर दांडीवरचा हात सुटत नाही" असं समजावलं. तेल्हाऱ्याच्या वाटेवर कुठला घाट? तो बिचारा "हो काका" म्हणाला. रेवा शाळेतलं काहीतरी सांगत होती, ते त्यांनी खिडकीतून वाकून सगळं ऐकलं आणि तिच्या हातावर लिंबू ठेवलं. तिनं ते नाकाशी नेलं. चांगलं मोठं नाक झालं आहे आता तिचं. माझ्यावर गेलं आहे.

मी खिडकीच्या गजाला धरून म्हटलं, "भाऊ, मी तुमच्यावर लय हसले. आणि माह्या रंगापायी तुम्हाले एवढे दिवस तुमच्या घराबाहेर राहा लागलं."

त्यांनी दुपट्ट्यानं चष्मा पुसला, परत घातला, आणि म्हणाले,

"वयनी, पुढच्या नातवाच्या वक्ती घर रंगवाचं असन तं मले आधी सांगजा. मी खोली पुसून ठेवतो."